जपणे आणि लपवणे

मूल ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे, हे वाक्य मी मिंबरवरून किती वेळा उच्चारले असेल याची मोजदाद नाही. ऐकणारे माना डोलावतात आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मदरशात फिक्ह शिकताना ठेवीच्या प्रकरणात आमच्या उस्तादांनी एक बारकावा समजावून दिला होता, तो मात्र अलीकडे मला वारंवार आठवतो. कोणी आपल्याकडे दागिना ठेवायला दिला, तर तो पेटीत कुलूपबंद करणे हेच त्याचे रक्षण होय. परंतु कोणी जनावर ठेवायला दिले, तर त्याला नुसते कोंडून ठेव राखली जात नाही. त्याला चारापाणी द्यावे लागते. त्या चाऱ्याचा खर्च कोणाच्या माथी, याचीही चर्चा फकीहांनी केली आहे. ठेव जिवंत असली की तिच्या रक्षणाचे नियम बदलतात.

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकविले तर चालेल काय, हा प्रश्न गेल्या वर्षभरात जुम्याच्या नमाजनंतर मला अनेकांनी विचारला. मलाच विचारण्याचे कारण उघड आहे. आमचा धाकटा मुलगा येत्या जूनमध्ये सहा वर्षांचा होईल आणि गेले पंधरा महिने तो घरीच शिकतो आहे. इमामसाहेबांनी स्वतः तसे केले, म्हणजे त्यात काही खैर असणारच, असे लोक धरून चालतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर देताना माझ्यावर एक कबुलीही बंधनकारक आहे. ती पुढे येईलच.

आधी कायद्याविषयी थोडे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला त्याने शिक्षणाचा हक्क दिला आणि कलम १० नुसार मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले. घरी शिकविण्याला या कायद्यात स्पष्ट परवानगी नाही. तसे करणाऱ्या पालकांना शिक्षाही सांगितलेली नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांचा आधार घेऊन काही कुटुंबे आपली मुले घरी शिकवितात. मुंबईची एक मुलगी शाळा मध्येच सोडून घरी शिकली आणि संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधील पदकांच्या बळावर २०१६ साली अमेरिकेतील एमआयटीत दाखल झाली, ही बातमी अनेकांना आठवत असेल. मला प्रश्न विचारणारे बहुधा तिचाच दाखला देतात.

आपल्याकडचा दाखला याहून थोर आहे. मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्म १८८८ साली मक्केत झाला आणि त्यांचे बालपण कोलकात्यात गेले. त्यांच्या वडिलांनी त्यांना शाळेत घातले नाही. प्रथम स्वतः आणि नंतर घरी येणाऱ्या उस्तादांकरवी त्यांना शिकविले. साधारण सोळाव्या वर्षापर्यंत त्यांचा परंपरागत अभ्यासक्रम पूर्णही झाला. घरच्या शिक्षणाची याहून मोठी फलश्रुती कोणती दाखवावी? परंतु याच मौलानांनी पुढे इंग्रजी स्वतःच्या प्रयत्नाने शिकून घेतली, घराच्या चौकटीत मिळालेल्या ज्ञानाविषयी त्यांच्या मनात तरुणपणी मोठी खळबळ उडाली आणि स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाल्यावर सर्व मुलांना शाळेत सक्तीचे व मोफत शिक्षण मिळावे असा आग्रह त्यांनी धरला. घरी शिकलेल्या माणसाने इतरांच्या मुलांसाठी शाळा मागितली. दाखला देणारे हा उत्तरार्ध सहसा सांगत नाहीत. मीही सांगत नव्हतो.

इस्लामने शिक्षणाची इमारत ठरवून दिलेली नाही. उत्तरदायित्व मात्र ठरविले आहे. प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, या आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्याकडून आली आहे. राखणदाराने कळप डोंगरावर न्यावा की कुंपणात ठेवावा, हे ऋतू आणि कळप पाहून ठरते. तेव्हा कोवळ्या वयात मूल घरी शिकविण्यात तत्त्वतः काही गैर नाही, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. लोकांना मी कारणही सांगत होतो: घरात दीनचे वातावरण आहे, आई शिकलेली आहे, बाप आलिम आहे, मग पाच वर्षांच्या पोराला दप्तराखाली का चिरडावे? ऐकणारे माशाअल्लाह म्हणत.

मी दिलेले कारण खोटे नव्हते. ते खरे कारण नव्हते, एवढेच.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातील एका दिवसाची हकीकत सांगतो. फज्रच्या नमाजला मुलगा माझ्याबरोबर मशिदीत आला होता. नमाजनंतर आमच्या मशिदीच्या मकतबमध्ये पस्तीस-चाळीस मुले रहालींवर सिपारे उघडून बसतात. माझा मुलगा तेवढा तिथे बसत नाही. तो जमाअत संपली की घरी जातो आणि मकतब आटोपून मी परतलो की घरी माझ्याजवळ बसून शिकतो. इमामाचा मुलगा बापाच्याच मकतबमध्ये का बसत नाही, असे आजवर मला कोणी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नव्हते.

घरी त्याचे शिक्षण चांगले चालते, हे त्याच्या आईचे श्रेय आहे. तिने भिंतीवर बाराखडी टांगलेली नाही. ज्वारीचे पीठ परातीत पसरून त्यावर बोटाने अक्षर काढायचे, वाचायचे, मोडायचे आणि मग त्याच पिठाची भाकरी थापायची, अशी तिची पाटी आहे. गणित शेंगांवर. त्या सकाळी दोघे चटणीसाठी शेंगा फोडत बसले होते. दहा शेंगांत दाणे किती? मुलाने वीस म्हटले, फोडल्या तर तेवीस निघाले. त्याने पुन्हा दहा घेतल्या; या वेळी एकोणीस. तो हिरमुसला, मग हसला. शेंगा सारख्या नसतात हे त्याला स्वतःच उमगले, आणि अंकगणिताच्या पुस्तकात ते कुठल्या पानावर असते हे मला सांगता येणार नाही.

त्यानंतर कुरआनचा पाठ. इथे मला एक गोष्ट उघड करावी लागेल, जी आमच्या मोहल्ल्यात सर्वांना ठाऊक आहे आणि जिचा उल्लेख माझ्यासमोर कोणी करीत नाही. आमचा मुलगा बोलताना अडखळतो. तीन वर्षांचा असताना ते सुरू झाले. शब्दाचे पहिले अक्षर ओठांवर अडते, पुन्हा पुन्हा येते, कधी गळ्यातच राहते. त्याचे ते अडखळणे मी येथे अक्षरांत उतरवून दाखविणार नाही. छापील अक्षरांत केली तरी नक्कल ती नक्कलच, आणि एकमेकांची टवाळी करू नये ही अल-हुजुरातच्या अकराव्या आयतीची ताकीद लेखकांनाही लागू आहे.

आश्चर्य असे की माझ्या आवाजात आवाज मिसळून तो सूरह पढतो, तेव्हा एकही अक्षर अडत नाही. सूरह अर-रहमानच्या पहिल्या चार आयती, ज्यांत अल्लाहने माणसाला निर्माण करून बोलणे शिकविल्याचा उल्लेख आहे, त्या तो माझ्याबरोबर पाण्यासारख्या पढतो. मी थांबलो की दोन-चार शब्दांत तोही थांबतो. वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला सांगितले की हे बहुतेकांच्या बाबतीत घडते. एकत्र म्हणताना, सुरात म्हणताना किंवा ठरावीक ठेक्यावर बोलताना तोतरेपणा ओसरतो. त्यांनी आणखी सांगितले की दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान पुष्कळ मुले अशी अडखळतात, त्यातली बरीचशी आपोआप सावरतात, मुलग्यांत हे प्रमाण अधिक असते आणि यात आईबापांचा दोष नसतो. आम्हाला करायचे ते इतकेच: त्याचे वाक्य आपण पुरे करायचे नाही, ‘हळू बोल’ म्हणायचे नाही, तो कसे बोलतो याकडे नव्हे, काय बोलतो याकडे लक्ष द्यायचे. ऐकायला सोपे वाटते. करून पाहावे.

मी हे सूत्र ऐकून आलो तेव्हा मला हजरत अबू उमैर (रजि.) यांची हदीस आठवली. हजरत अनस (रजि.) यांच्या या धाकट्या भावाने एक लहानसे पाखरू पाळले होते आणि ते मेले. अल्लाहचे प्रेषित (स.) त्यांच्या घरी गेले असता त्या पोराशी त्याच्या पाखराविषयी बोलले. राज्य, युद्धे, वही यांचा भार वाहणारी व्यक्ती एका बालकाच्या विषयापर्यंत खाली वाकली आणि त्याला कुनियतने, मोठ्या माणसासारखे संबोधून त्याची खबर घेतली. शाफई पंथाचे इब्नुल कास यांनी या एका छोट्या हदीसमधून साठाहून अधिक मसाइल काढून स्वतंत्र पुस्तिका लिहिली आहे. मी त्या मसाइलवर दर्स दिला आहे. माझ्या स्वतःच्या मुलाचे वाक्य संपेपर्यंत थांबणे मात्र मला जमत नव्हते.

दहाच्या सुमारास मशिदीचे एक विश्वस्त कागदावर सही घेण्यासाठी घरी आले. बुजुर्ग, प्रेमळ गृहस्थ आहेत. मुलगा पाणी घेऊन आला तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून विचारले, “क्या नाम है बेटा आपका?” मुलाने तोंड उघडले. ओठ मिटले, पुन्हा उघडले. दोन सेकंद गेले असतील, फार तर तीन. मी त्याचे नाव सांगून टाकले. वर हसून म्हणालो, “जरा शरमिले हैं साहेबजादे.” पाहुण्यांनी दुआ दिली, चहा घेतला आणि ते गेले.

त्यांची पावले जिन्यावर वाजत असतानाच मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला हवा तेवढा वेळ घेऊन त्याने विचारले, “अब्बा, मेरा नाम तुमे कायकू बोले? मेरेकू आता की.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो शरमीला नाही. आल्या-गेल्याला बळेच आपले खेळणे दाखविणारा, शेजारच्या बकरीशी तासन् तास गप्पा मारणारा पोरगा आहे तो. मी त्याच्यासमोर त्याच्याविषयी खोटे बोललो होतो. अबू दाऊदमध्ये हजरत अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) आपल्या लहानपणीची आठवण सांगतात. आईने त्यांना काही देईन असे म्हणून हाक मारली, तेव्हा प्रेषितांनी (स.) तिला काय देणार आहेस असे विचारले. खजूर देणार होते, असे तिने सांगितल्यावर, दिले नसतेस तर तुझ्या नावे एक असत्य लिहिले गेले असते, या आशयाचे त्यांनी तिला समजाविले. एका खजुराचे खोटे जिथे नोंदले जाते, तिथे मुलाच्या जिभेवरचे त्याचे नाव काढून घेऊन त्या जागी खोटा स्वभाव ठेवणाऱ्या बापाच्या वहीत काय लिहिले गेले असेल?

आता ती कबुली. सव्वा वर्षापूर्वी मकतबचा वार्षिक जलसा होता. साडेचार वर्षांच्या या मुलाला सूरह कौसर पाठ होती. घरी माझ्याबरोबर तो ती सुरेख पढत असे. त्याच्या आईने नको म्हटले होते. मला मात्र इमामाचा मुलगा मंचावर दिसायला हवा होता. मी त्याला माइकपुढे एकटे उभे केले. पहिल्याच शब्दावर तो अडला. माइकने ते अडणे मोठे करून सगळ्या मंडपभर पसरविले. मागच्या रांगेतली पोरे हसली, पुढच्या रांगेतल्या दोन मोठ्या माणसांनीही हसू दाबले. मी उठलो, त्याला कडेवर घेतले आणि आत नेले. लोकांना वाटले बापाने लेकराला सावरले. मला त्या क्षणी त्याची नव्हे, माझी लाज वाटत होती. दुसऱ्या दिवसापासून तो मकतबमध्ये आला नाही. त्या आठवड्यात बालवाडीही सुटली. दीनचे वातावरण वगैरे कारणे मागाहून गोळा झाली. कोणत्याही शाळेने आमच्या मुलाला दुखविलेले नव्हते. दुखविले ते मी, आणि मग त्याला जपतो आहे असे म्हणून लपविले.

या गोष्टीवर मी कुरआनात उत्तर शोधू लागलो, तेव्हा ते इतके समोर होते की आजवर कसे दिसले नाही याचे नवल वाटले. हजरत मूसा (अ.स.) यांच्या जिभेला गाठ होती. लहानपणी तोंडात निखारा घातल्याची जी कथा आपल्या वाजांतून सांगितली जाते ती इस्राईली रिवायतींतून आली असल्याचे मुफस्सिर सांगतात. तिच्यावर भर देण्याचे कारण नाही. परंतु गाठीचा उल्लेख खुद्द सूरह ताहामध्ये आहे. ती सुटावी म्हणून त्यांनी दुआ केली, जेणेकरून लोकांना त्यांचे बोलणे समजावे. प्रत्येक परीक्षेपूर्वी आपण मुलांना ती दुआ पढवितो आणि तिथेच थांबतो. पुढच्याच आयतींत मूसा (अ.स.) काय मागतात? एक सोबती, आपल्या घरचा, भाऊ हारून. सूरह कससमध्ये ते भाऊ आपल्याहून अधिक ओघवते बोलतो असे कारणही देतात. घरी बसण्याची सवलत मात्र त्यांनी मागितली नाही आणि अल्लाहने ती दिलीही नाही. ज्याची जीभ अडते त्याला त्या काळच्या सर्वांत मोठ्या दरबारात, सर्वांत क्रूर श्रोत्यापुढे पाठविले गेले. आणि फिरऔनने काय केले? सूरह जुखरुफच्या बावन्नाव्या आयतीत तो लोकांना सांगतो की हा हलका माणूस, याला धड बोलताही येत नाही. बोलण्यावरून माणसाची टवाळी करणे हे कोणाचे आचरण आहे, हे कुरआनने नोंदवून ठेवले आहे. जलशातल्या त्या हसण्याला मी घाबरलो, पण ते फिरऔनचे हसू होते. त्याला भिऊन मूसाला घरी ठेवणारा मी कोण?

मुअतजिलांचे आद्य पुरुष वासिल बिन अता (मृत्यू हिजरी १३१) यांचा अकीदा आपला नव्हे, पण त्यांची एक गोष्ट अरबी साहित्यात प्रसिद्ध आहे. त्यांना ‘र’ उच्चारता येत नसे. तरी गव्हर्नरच्या दरबारात त्यांनी एकही ‘र’ नसलेला आखाच्या आखा खुतबा दिला. मराठीत असा प्रयत्न मी एकदा गंमत म्हणून केला, तर दुसऱ्याच वाक्यात ‘परंतु’ येऊन पडले.

आणि ती हदीस, जी मी दर रमजानमध्ये सांगतो! हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या या रिवायतीचा आशय असा की कुरआनात निपुण असलेला मान्यवर फरिश्त्यांच्या संगतीत असेल, आणि जो अडखळत, कष्टाने पढतो त्याला दुप्पट मोबदला आहे. अडखळण्यासाठी तिथे जो अरबी शब्द आला आहे तो स्वतःच अडखळल्यासारखा उच्चारतो. दुप्पट मोबदल्याचा हा हकदार माझ्या घरात राहत होता आणि मी त्याला माइकपासून, मकतबपासून, विश्वस्तांपासून दूर ठेवीत होतो.

जुहरपूर्वी मुलगा नेहमीप्रमाणे खालच्या गल्लीतल्या मागावर गेला. आमच्या शेजारी एक पद्मशाली गृहस्थ राहतात. मुले त्यांना मामा म्हणतात. त्यांच्या शेडमध्ये चार पॉवरलूम आहेत, टॉवेल विणले जातात. सोलापूरच्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या, तरी असे माग गल्लीबोळांतून अजून खडखडतात. मी बऱ्याच दिवसांनी त्याच्याबरोबर गेलो. चार मागांच्या आवाजात तिथे कोणाचेच बोलणे कोणाला ऐकू येत नाही. माणसे हातवारे करतात, ओठ वाचतात. मला समजले की पोराला ही जागा का आवडते. इथे सगळेच त्याच्यासारखे. मामांनी त्याला जवळ बोलावून तुटलेला धागा दाखविला, गाठ कशी मारायची ते दाखविले. मग मी पाहिले की मुलगा धोट्याच्या ठेक्यावर मान हलवीत काही बोलतो आहे. वाकून कान दिला. तो मामांना आमच्या शेंगांचा हिशेब सांगत होता, मराठीत, ठेक्यावर एकेक शब्द टाकीत, न अडता. मामा तेलुगूभाषक, त्यांना ऐकूही येत नव्हते, पण त्यांनी माग सोडून पूर्ण वाक्य होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे पाहिले. बाईंनी मला कागदावर लिहून दिलेले सूत्र या माणसाला कोणी सांगितले नव्हते.

म्हणजे घरी शिकण्याच्या नावाखाली माझा मुलगा जे काही शिकत होता, त्यातला बोलण्याचा भाग तो घराबाहेरच शिकत होता. तसे पाहिले तर हे जुनेच आहे. मक्केचे प्रतिष्ठित कुरैश आपली तान्ही मुले वाळवंटातल्या कबिल्यांकडे पाठवीत, त्यामागे मोकळ्या हवेबरोबर शुद्ध भाषेचाही हेतू असे. प्रेषितांचे (स.) बालपण बनी सअदमध्ये हजरत हलीमा (रजि.) यांच्याकडे गेले ते याच रिवाजाने.

दुपारी मुलाची आपा शाळेतून आली. ती तिसरीत आहे, सकाळची शाळा. जेवण होताच तिघे बाहेर पडलो. आधी सिद्धेश्वर तलाव. काठावर बसून मुलाने बदके मोजली. ती बुडी मारीत आणि भलतीकडेच वर येत, त्यामुळे इथेही उत्तर जुळेना. पलीकडे भुईकोट किल्ल्याचे बुरूज, होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेतले एक-दोन पाळणे अजून उभे. किल्ला कोणाचा, असे त्याने विचारले. बहमनींचा, मग आदिलशाहीचा, मग निजामशाहीचा, पुन्हा आदिलशाहीचा, असे सांगता सांगता माझाच गोंधळ उडाला, तेव्हा आपाने ठरवून टाकले की तो आता महापालिकेच्या बागेचा आहे.

परतताना चार पुतळ्यांपाशी थांबलो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी देण्यात आली. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवीत. फाशी गेले तेव्हा जेमतेम विशीत होते. मुलाने मान वर करून चारही चेहरे पाहिले आणि विचारले की हे चौघे दोस्त होते का. मी काही म्हणणार तोच आपा बोलू लागली. मी तिला खुणेने थांबविले, कारण मुलाचे वाक्य अजून संपलेले नव्हते. त्याला पुढे म्हणायचे होते, की त्यातला मुसलमान कोणता ते दिसत नाही.

पुतळ्यांपासून लक्ष्मी मार्केटकडे चालताना मी मूसा (अ.स.) यांच्या आईचा विचार करीत होतो. सूरह कससची सातवी आयत बापांनी सावकाश वाचण्यासारखी आहे. तिथे आईला सांगितले जाते की त्याच्या जिवाची भीती वाटली की त्याला नदीत सोड. भीती वाटली तर घट्ट धर, असे सांगितलेले नाही. आणि पेटी सोडल्यावर त्या माउलीने केवळ तवक्कुल म्हणून पाठ फिरविली, असेही नाही. तिने बहिणीला मागोमाग पाठविले. ती दुरून, कोणाला कळू न देता, पाहत राहिली. सोडणे आणि दुरून पाहणे, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. आपण पहिली करतो तेव्हा दुसरी विसरतो, म्हणून आपली मुले रस्त्यावर वाढतात; आणि दुसरीची इतकी सवय लागते की पहिली करवतच नाही, तेव्हा ती माझ्या मुलासारखी जिन्यात वाढतात.

ज्या पालकांना घरी शिकवायचे आहे त्यांना मी मनाई करणार नाही. एक प्रश्न मात्र विचारीन, जो मला कोणी विचारला नाही: लोकांना सांगता ते कारण तुम्ही मुलाच्या देखत, त्याच्या डोळ्यांत पाहून सांगू शकाल काय? मूल आजारी आहे, शाळा दूर आहे, त्याची गती निराळी आहे, ही कारणे त्याच्यासमोर सांगता येतात. मला माझे सांगता येत नव्हते. आमच्यापुरते आम्ही ठरविले आहे. जूनमध्ये तो आपाच्या शाळेत पहिलीत जाईल. बाईंना आधी भेटून त्याच्याविषयी सगळे नीट सांगू. मकतबमध्ये तो येत्या सोमवारपासूनच बसेल; हसणाऱ्यांना काय सांगायचे ते मी पाहीन, कारण ती मुलेही माझीच अमानत आहेत. पिठावरची पाटी आणि शेंगांचे गणित चालूच राहील.

लक्ष्मी मार्केटपाशी शेंगाचटणीच्या दुकानात गर्दी होती. सकाळी फोडलेल्या शेंगांची चटणी संध्याकाळी होणारच होती, तरी मी मुलाच्या हातात पन्नासची नोट दिली आणि म्हटले, पावशेर आण. त्याने माझ्याकडे पाहिले. मी रस्त्याच्या अलीकडेच थांबलो. अस्रला अवकाश होता. तो दुकानाच्या फळीपाशी गेला, त्याचे डोके फळीच्या जेमतेम वर येत होते. दुकानदाराने खाली पाहून काही विचारले. मुलाने तोंड उघडले आणि ते तसेच राहिले. मागच्या बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. माझी जीभ टाळूला चिकटली होती. त्या अंतरावरूनही मी त्याचा शब्द माझ्या ओठांनी पुरा करीत होतो, हे मला नंतर जाणवले. आपा माझ्याजवळून केव्हा निसटली ते कळले नाही. ती दुकानाच्या कडेच्या खांबाआड उभी होती, त्याला दिसणार नाही अशी. ती पुढे गेली नाही. दुकानदार हातातला पळा तसाच धरून थांबला. मग त्याने तराजूत चटणी घातली.

मुलगा पुडी घेऊन रस्ता ओलांडून आला. उरलेले पैसे त्याने मोजून मला दिले आणि म्हणाला, दुकानवाल्या काकांनी नाव विचारले होते.

“मग?”

“सांगितलं.”